कर्नाळ्याचा माथा नेमका कोणता, आणि घरच्यांना घेऊन तिथे कसे जावे

वाशीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे सार असे आहे. घरात सदुसष्ट वर्षांचे वडील आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी ते सागर विहारपर्यंत चालून येतात. नऊ वर्षांची मुलगी आहे, तिला डोंगर चढायचा आहे. पती-पत्नी दोघांचीही कामे बसून करण्याची आहेत. पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला ‘छोटा’ आणि ‘सोपा’ आहे असे सगळे सांगतात, तेव्हा चौघांनी तिथे जावे का, कोणत्या महिन्यात जावे, वाटाड्या लागेल का, आणि तिथल्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या अगदी माथ्यावर जाता येते का, असे त्यांनी विचारले आहे. मी ठाण्यात राहते आणि गेली सव्वीस वर्षे घरगुती मंडळींना, शाळकरी मुलांना आणि निवृत्त लोकांना आसपासच्या डोंगरांवर नेत आले आहे. कर्नाळ्याला किती वेळा गेले याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरे त्याच्यातच दडलेली आहेत. सुळक्याच्या माथ्यावर तुम्हाला जाता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तो साधारण सव्वाशे फुटांचा उभा कातळ आहे. त्यावर दोर, खिळे आणि प्रस्तरारोहणाचे रीतसर शिक्षण असलेले लोकच जातात, तेही वनखात्याची परवानगी काढून. चालत जाणाऱ्याचा कर्नाळा सुळक्याच्या पायथ्याशी संपतो. तटबंदीचे अवशेष, पडका वाडा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारे हे सगळे सुळक्याच्या बुंध्याभोवती दाटीवाटीने बसलेले आहे, आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरांवरची हीच जागा आपला माथा समजावी. हे घरून निघण्यापूर्वीच मुलीला सांगून ठेवा. महामार्गावरून जाताना लहानपणापासून ज्यांनी तो अंगठा पाहिलेला असतो, त्यांच्या मनात ‘वर जाणे’ म्हणजे त्याच्या टोकावर उभे राहणे असते. मग पायथ्याशी पोहोचल्यावर चुटपुट लागते आणि कोणीतरी ‘जरा दोन हात वर जाऊन बघतो’ म्हणून कातळाला लागते. चढणे त्या मानाने सोपे असते, पण उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. असे अडकलेले दोन कॉलेजकुमार मी स्वतः खालून एकेक पाऊल सांगत उतरवले आहेत. त्यातल्या एकाला खाली आल्यावर दहा मिनिटे नीट बोलताही येत नव्हते.

आता तुमचे वडील आणि ‘सोपा’ हा शब्द. गडाभोवतीच्या पक्षी अभयारण्याच्या फाटकापासून गडापर्यंत एका बाजूचे अंतर अडीच-तीन किलोमीटर भरते आणि साधारण साडेतीनशे मीटर उंची चढावी लागते. हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो. तो तुमच्या इमारतीच्या भाषेत सांगते. एक मजला तीन मीटरचा धरला तर साडेतीनशे मीटर म्हणजे जवळजवळ एकशे सतरा मजले, म्हणजेच सात मजल्यांची इमारत तळापासून गच्चीपर्यंत सोळा-सतरा वेळा चढणे, आणि मधल्या उद्वाहनाशिवाय तितक्याच वेळा उतरणेही. फरक इतकाच की जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, तर इथे एक पाऊल वीतभर, तर दुसरे गुडघ्याइतके असते. सागर विहारला चालणे ही चांगली सवय आहे, दम टिकवायला ती उपयोगी पडेल, पण ते सगळे सपाटीवरचे चालणे आहे आणि उतारावर मांडीच्या ज्या स्नायूंना शरीराचा भार झेलावा लागतो, त्यांना त्यातून काहीच सराव होत नाही. म्हणून वडिलांची तयारी जिन्यावर तपासा. तीन आठवडे आधीपासून एक दिवसाआड जिना चढायला आणि उतरायला लावा. सुरुवातीला सात मजले एकदा, मग दोनदा, असे करत चार-पाच फेऱ्यांपर्यंत यावे. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. एकेका शब्दानंतर थांबावे लागत असेल तर वेग जास्त आहे. चार फेऱ्यांनंतर दुसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरले नाहीत, तर कर्नाळ्याला त्यांना खुशाल न्यावे.

त्यांच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारून घ्या आणि विचारताना गोळीचे नाव सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे पाणी आणि क्षार जास्त जातात, काहींमुळे नाडीचा वेग वाढत नाही, आणि दमट हवेत डोंगर चढताना या दोन्ही गोष्टींना महत्त्व येते. गोळी त्या दिवशी घ्यायची, उशिरा घ्यायची की कशी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. वाटेत छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात दुखणे, कारण नसताना थंड घाम, यांपैकी काहीही जाणवले तर चढ तिथेच थांबवायचा, बसवायचे आणि मदत बोलवायची. ‘थोडेच राहिले आहे’ हे वाक्य त्या वेळी कोणीही उच्चारू नये.

महिन्याबद्दल माझे मत ठाम आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. पनवेलच्या परिसरात समुद्र जवळ असल्याने हवेत ओल असते, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. देशावरच्या एखाद्या डोंगरावर ३४ अंशांत जे जमते ते इथे ३१ अंशांतच जड जाते, ही गोष्ट पुण्याहून येणारे मित्र दरवर्षी नव्याने शिकतात. कर्नाळ्याची बरीचशी वाट झाडीतून आहे हे सुदैव, पण धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर आले की सावली संपते आणि मार्चनंतर दहा वाजताच कातळ तापायला लागतो. शिवाय त्या दिवसांत सागाची वाळकी पाने उतारावर पसरलेली असतात. ती पाने आणि त्याखालचा मुरमाड घसारा मिळून जो प्रकार होतो, तो ओल्या शेवाळापेक्षा कमी घसरडा नसतो. लोकांना पावसाळ्याची भीती वाटते आणि एप्रिलची वाटत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर हे जंगल इतके देखणे असते की मोह होणारच. तिबोटी खंड्या, म्हणजे जेमतेम मूठभर आकाराचा, जांभळ्या-नारिंगी रंगाचा तो पक्षी, पहिल्या पावसाबरोबर इथे वीण करायला येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा करून अंडी घालतो. तो पाहायला खालच्या पायवाटांवर जरूर जा. गडावर मात्र वयस्कर माणूस आणि लहान मूल घेऊन पहिल्या खेपेस भर पावसात जाऊ नका. धुक्यात धारेवरची ढोरवाट आणि खरी वाट एकसारख्या दिसतात, आणि वरच्या टप्प्यातल्या कातळातल्या पायऱ्यांवर पाणी वाहत असते. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळी जाण्यास मनाईही करते. ऑक्टोबरचे म्हणाल तर, त्या महिन्यात गवत कमरेइतके असते, उष्मा असतो, आणि आणखी एक कारण असते ज्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

कर्नाळ्यावरचा खरा धोका आग्या मोहोळाचा आहे. सुळक्याच्या उभ्या भिंतींवर, कपारींच्या खाली, आग्यामाशांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. पाऊस संपला की त्या येतात, आणि बहुतेक वर्षी कोरड्या मोसमात त्यांचा मुक्काम असतो. घरात ज्या पेटीतल्या मधमाशांचा मध आपण खातो त्यांची ही मोठी, उघड्यावर पोळे बांधणारी बहीण. तिचे पोळे एकाच पडद्याचे असते, हात-दीड हात रुंद, कधी त्याहून मोठे, आणि खालून ते काळपट डागासारखे दिसते. दुर्बीण असेल तर लांबूनच बघा. अधूनमधून त्या काळ्या पडद्यावरून एक चमकती लाट सरकत गेल्यासारखी दिसते, जणू कोणी शेतातल्या पिकावर फुंकर मारली. बाहेरच्या थरातल्या हजारो माशा एकामागोमाग एक आपली पोटे क्षणभर वर उचलतात, त्याची ती लाट असते. गांधीलमाशीसारखा शत्रू जवळ घोटाळू लागला की त्या असे करतात. मुलीला हे नक्की दाखवा, तिला आवडेल. पण लाटा वारंवार आणि जोरात उठत असतील तर पोळे सावध झाले आहे असे समजून तिथून निघायचे.

आता गोची अशी आहे की गडावर सावली, सपाटी आणि पाण्याची टाकी ही तिन्ही नेमकी या पोळ्यांच्या खाली आहेत. दमून आलेला माणूस स्वाभाविकपणे तिथेच बसतो. डबे उघडले जातात, मुले आरोळ्या देऊन प्रतिध्वनी ऐकतात, कोणी अत्तराचा फवारा मारून घेतो, कोणी चहासाठी काटक्या पेटवतो. धूर, उग्र सुगंध, कातळाला लागलेला दगड आणि मोठा आवाज, यांतली कोणतीही एक गोष्ट पोळे उठवायला पुरते. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धारेवर असताना वरून एक दुसरा गट धावत खाली आला. त्यांच्यातल्या एकाने टाक्याजवळ कापूर पेटवला होता, श्रद्धेने, वाईट हेतू काहीच नव्हता. त्यातल्या एका बाईंच्या केसांत अडकलेल्या माशा आम्ही कंगव्याने काढल्या, आणि मला आठवते की पहिला डंख बसला त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा माशा येत होत्या. ते उगीच नसते. डंखाबरोबर एक गंध सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो इतर माशांना ‘इथे मारा’ असे सांगतो.

म्हणून माझ्या गटासाठी मी एक शिस्त ठरवून टाकली आहे आणि तुम्हीही ती पाळावी. खाणे धारेवर पोहोचण्याच्या आधी, झाडीत उरकायचे. सुळक्याच्या पायथ्याशी वीस मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, हळू बोलायचे, काहीही पेटवायचे नाही. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल, गजरा नको. कपडे फिक्या रंगाचे असावेत, कारण गडद आणि केसाळ दिसणाऱ्या गोष्टींवर माशा अधिक चिडतात. प्रत्येकाच्या खांद्यावर किंवा पिशवीच्या वरच्या कप्प्यात एक पंचा असू द्या. पोळे उठलेच तर पंच्याने डोके आणि तोंड झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने झाडीकडे निघायचे आणि लांबपर्यंत थांबायचे नाही. जागच्या जागी आडवे पडून राहण्याचा सल्ला काही जण देतात, तो चुकीचा आहे. टाक्यात उडी मारणेही चुकीचे, माशा वर घिरट्या घालत थांबतात. मुलीला मोठ्या माणसाने अंगाशी धरावे. पण हे पळणे कातळातल्या पायऱ्यांवर होता कामा नये, तिथे चावा परवडतो, पडणे परवडत नाही. सुरक्षित जागी आल्यावर डंख लगेच काढावेत. माशीची नांगी त्वचेत राहते आणि तिच्याबरोबर राहिलेली विषाची पिशवी काही काळ विष सोडत असते, त्यामुळे नखाने खरवडून काढा किंवा चिमटीत धरून काढा, उशीर मात्र करू नका. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघावे. काही लक्षण नसले तरी लहान मुलाला किंवा वृद्धाला डझनावारी डंख बसले असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

यावरून कोणाला वाटेल की मी तुम्हाला घाबरवते आहे. तसे नाही. बहुतेक दिवशी हजारो माणसांतल्या एकालाही माशी चावत नाही. मी फक्त सांगते आहे की इथे दरीची किंवा वाट चुकण्याची जेवढी भीती बाळगली जाते, त्यातली थोडी काढून ती टाक्याजवळच्या डब्याकडे वळवावी.

वेळापत्रकाबद्दल. ठाण्याहून किंवा वाशीहून पहाटेच्या लोकलने पनवेल गाठावे. तुम्हाला हार्बरची गाडी थेट पडेल, आम्ही ठाणेकर ट्रान्स-हार्बरने येतो. पनवेल एसटी स्थानकातून पेण, अलिबाग, रोहा, महाड अशा मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या गाड्या मिळतात. वाहकाला ‘कर्नाळा अभयारण्य’ असे आधीच सांगून ठेवावे. पनवेलपासून अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने जाण्यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: जाताना गाडी फाटकाच्या बाजूला सोडते, पण परतीची पनवेलकडची गाडी पकडायला महामार्ग ओलांडावा लागतो. घाटातून उतरणारे अवजड वाहन आणि दमलेली, सुस्तावलेली चार माणसे, ही गाठ मला डोंगरावरच्या कोणत्याही जागेपेक्षा जास्त काळजीत टाकते. मुलीचा हात धरून, दोन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसेल अशा जागीच ओलांडा. स्वतःची मोटार आणत असाल तर हा प्रश्न येत नाही, पण रविवारी वाहनतळ लवकर भरतो. शक्य असेल तर शनिवारी या.

फाटकावर प्लॅस्टिकची मोजणी होते. बाटल्या, वेफरची पाकिटे, जे काही असेल ते नोंदवून ठेव घेतात आणि परत आल्यावर तितकेच प्लॅस्टिक दाखवले की ठेव परत मिळते. काहींना हा त्रास वाटतो. मला हा या परिसरातला एक उत्तम नियम वाटतो, आणि जिथे हा नियम नाही अशा डोंगरांची अवस्था पाहिल्यावर तुम्हालाही वाटेल. स्टीलच्या बाटल्या आणि डबे आणले तर मोजायलाच काही उरत नाही. प्रवेशशुल्क आणि वेळा बदलत असतात, त्या फाटकावरच्या फलकावर पाहाव्यात. हे पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले आणि आपण त्या जंगलाचे पाहुणे आहोत, एवढे भान ठेवले की बाकीचे नियम आपोआप पाळले जातात. ध्वनिक्षेपक आणणाऱ्यांबद्दल इथे लिहिले तर माझी भाषा बिघडेल.

सात-सव्वासातला चालायला सुरुवात केली तर तुमच्यासारख्या कुटुंबाला वर पोहोचायला दोन ते सव्वादोन तास लागतील. धडधाकट तरुण तासा-सव्वातासात जातात, त्यांच्याकडे बघू नये. साडेनऊला सुळक्याच्या पायथ्याशी, दहाच्या आत परतीला, बारापूर्वी फाटकात, असा हिशोब ठेवा. आणि एक वेळ आधीच ठरवा: साडेदहा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, मग गड शंभर पावलांवर का असेना. ही वेळ घरीच, सगळ्यांसमोर, वडिलांच्या तोंडून वदवून घ्यावी. वर गेल्यावर ठरवायला बसले की नेहमी ‘जाऊ या’ असेच ठरते.

वाट अशी आहे. फाटकाजवळचा वर्दळीचा भाग मागे टाकला की गडाकडची पायवाट झाडीत शिरते. पहिला टप्पा दमवणारा आहे, कारण अंग तापलेले नसते आणि चढ मात्र लगेच लागतो. इथे मुद्दाम सावकाश चालावे. पुढे वाट कधी खडकाळ, कधी मातीची होत वर सरकते आणि बऱ्याच वेळाने धारेवर येते. धारेवर वारा लागतो, सुळका एकदम समोर येतो आणि मग अंतर फसवते. दहा मिनिटांवर आहे असे वाटते, लागतात तीस. शेवटी कर्णाई देवीचे छोटे ठाणे, पायऱ्या, दरवाजाचे अवशेष आणि गड. वाट मळलेली आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वाटाड्याची गरज नाही. आडवाराला, पहिल्यांदाच जात असाल, तर वाट माहीत असलेला एक माणूस बरोबर असावा. गटात चौघेच असलात तरी सर्वांत मागे एक मोठा माणूस ठेवायचा आणि त्याने शेवटपर्यंत मागेच राहायचे. सहसा वडील मागे पडतात आणि ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतात. त्यांचे ते ऐकायचे नाही.

पक्ष्यांचे म्हणाल तर चढताना घाईत काहीच दिसत नाही. थांबल्यावर दिसते. शेपटीला दोन लांब काड्या आणि टोकाला झुबके मिरवणारा भृंगराज डझनभर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे आवाज कावळ्याचा आला तरी वर बघावे. ओढ्याच्या बाजूने कोणी माणूस शीळ घालत असल्यासारखे ऐकू आले तर तो शीळकरी कस्तूर, मात्र त्याची लांबलचक शीळ पावसाळ्यात ऐकावी, हिवाळ्यात तो फारसा गात नाही. हळद्या, तांबट, स्वर्गीय नर्तक यांच्यासाठी मुलीकडे एक छोटी वही द्या. तिने पाहिलेले लिहायचे, नाव न कळले तर रंग लिहायचा. मुले थकल्याची तक्रार करतात ती बहुधा कंटाळ्याची असते.

जोड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त फजिती याच गोष्टीने झालेली मी पाहिली आहे. एका डिसेंबरात आमच्याबरोबर कळव्याचे एक काका होते. त्यांच्याकडे परदेशातून भाच्याने आणलेले भारी, गुबगुबीत तळाचे बूट होते, सात-आठ वर्षे कपाटात जपून ठेवलेले. धारेवर पोहोचेपर्यंत उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला. उतरताना डावाही गेला, आणि तो हातात घेतला तर मधला फेसासारखा थर बोटांनी चुरगळून भुगा होत होता. पिशवीतली सुतळी आम्ही बुटाभोवती उलट्या-सुलट्या गाठी मारून बांधली, त्यावर काकूंच्या ओढणीची पट्टी, आणि त्या अवस्थेत काका दोन तास उतरले. यात बुटाचा किंवा काकांचा दोष नव्हता. अशा तळांत वापरला जाणारा पॉलियुरेथेनचा फेस हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विरतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत तर तो बंद खोक्यात न वापरताही विरतो. रोज वापरलेले साधे बूट टिकतात, जपून ठेवलेले दगा देतात. वडिलांच्या पायात रोजच्या चालण्याचेच बूट असू द्या, तळाला खाचा शिल्लक आहेत का तेवढे पाहा आणि टाच दोन्ही हातांनी पिळून बघा. नवीन बूट घेतलेच तर निदान दोन आठवडे आधी घालून झिजवा. आणि सुतळीचा एक गुंडा नेहमी बरोबर ठेवा. मी तो आजही ठेवते.

बाकी सामान थोडेच. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्याच्या बाजूला गेलात तर तीन. गडावरच्या टाक्यांचे पाणी गृहीत धरू नका. नुसत्या पाण्याबरोबर चिमूटभर मीठ घातलेले लिंबूसरबत किंवा कोकम असावे. खायला थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, केळी असे काहीही, फक्त माकडांना दिसेल अशा तऱ्हेने हातात धरून चालू नये. वडिलांसाठी एक काठी, उतरताना ती पुढे टेकवून मग पाऊल टाकायचे. उतार सरळ न उतरता नागमोडी उतरायचा, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, पाऊल छोटे टाकायचे. कर्नाळ्याला येणाऱ्या मंडळींचे घोटे आणि गुडघे चढताना क्वचित जातात, उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात जातात, तेव्हा बोलणे वाढलेले असते आणि नजर महामार्गाकडे लागलेली असते. दगडावर टेकताना हात आधी आणि डोळे नंतर असे करू नये. कोकणात फुरसे दगडांच्या सापटीत असते आणि ते मातीच्याच रंगाचे असते.

गडावरच्या त्या वीस मिनिटांत काय पाहावे हेही विचारले नसले तरी सांगते. हवा स्वच्छ असेल तर माथेरानचे पठार, प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड ओळखता येतात आणि पश्चिमेला खाडी व बंदराचा पट्टा दिसतो. तिथे उभे राहिले की गड इथेच का, हे सांगावे लागत नाही: घाटावरून उतरून बंदराकडे जाणारा माल या सुळक्याच्या नजरेतून सुटत नव्हता. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता आणि १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला, तेव्हा इथले किल्लेदार होते अनंतराव फडके, वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा. नातवाचा जन्म १८४५ सालचा, गडाच्या पायथ्याजवळच्या शिरढोणचा. आजोबांच्या तोंडून त्या गडाच्या गोष्टी ऐकत ज्याचे बालपण गेले, त्याने पुढे इंग्रजांविरुद्ध बंड उभारले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला.

शिरढोण तुमच्या परतीच्या वाटेवरच आहे. बारापर्यंत खाली आलात आणि वडिलांचे पाय शाबूत असले, तर तिथे उतरून फडक्यांचे घर मुलीला दाखवा. तिथून पनवेलला रिक्षा किंवा एसटी सहज मिळते. पाय शाबूत नसतील तर ते घर पुढच्या खेपेला ठेवा आणि सरळ वाशी गाठा, संध्याकाळी वडिलांना कोमट पाण्यात पाय सोडून बसवा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सागर विहारपर्यंत सावकाश का होईना, चालायला पाठवा. बसून राहिले तर पोटऱ्या जास्त आखडतात.